एका शब्दाची दोन वाक्यं

पोर्थवरनच्या शाळेत गुरुवारचा शेवटचा तास शब्दांचा असे. लव्हडे ट्रेम्बाथबाई फळ्यावर एक शब्द लिहीत आणि मुलांनी त्याची दोन वाक्यं करायची: पहिलं सरळ अर्थाचं, दुसरं लाक्षणिक. डोळा माणसाला असतो तसा सुईलाही असतो आणि वादळालाही असतो. मूळ झाडाला असतं आणि भांडणालाही असतं. ह्या तासाला वर्गात नेहमी हशा पिकायचा. कोळ्यांची पोरं ती, एरवी पुस्तक म्हटलं की पेंगणारी; पण शब्दाच्या पोटात दुसरा अर्थ सापडला की, जाळ्यात अनोळखी मासा आल्यासारखी पुढे सरसावायची.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी बाईंचा घसा बसला होता. त्या म्हणाल्या, "आज शब्द तुम्हीच निवडा."

मुलांनी खिडकीबाहेर पाहिलं. टेकडीवरच्या त्या शाळेतून दिसून दिसून काय दिसणार? खाली घोड्याच्या नालेसारखा दगडी धक्का, आत लहानमोठ्या वीस-बावीस बोटी, आणि पलीकडे समुद्र. सगळे एकदम ओरडले, "हार्बर!"

बाईंच्या हातातला खडू क्षणभर थांबला. एकोणीस वर्षं त्या हा तास घेत होत्या आणि हा एक शब्द त्यांनी कधी फळ्यावर लिहिला नव्हता. पण आता नाही म्हणायला काही कारण सापडेना. त्यांनी शब्द लिहिला.

"बाई, ह्याला कुठला आलाय दुसरा अर्थ?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "बंदर ते बंदर."

"आहे," बाई बसक्या आवाजात म्हणाल्या. "बंदर बोटींना आसरा देतं ना? तसं माणूसही एखाद्या गोष्टीला मनात आसरा देतो. आशेला, शंकेला. तिला बाहेर जाऊ देत नाही, आत बांधून ठेवतो. तेव्हाही हाच शब्द वापरतात. चला, लिहा."

दहा मिनिटांनी एकेकजण वाचू लागला. बहुतेकांची गाडी पहिल्याच वाक्यावर अडली होती. मग मोर्वेना टॉन्किन उठली. नऊ वर्षांची, दुकानवाल्या एस्थरची धाकटी, वर्गात सगळ्यांत हुशार. तिने खणखणीत आवाजात वाचलं:

"पहिलं वाक्य. माझ्या बाबांची बोट हार्बरमध्ये आहे. दुसरं वाक्य. ट्रेम्बाथबाई पंचवीस वर्षं हेडली ट्रेम्बाथचा राग मनात हार्बर करून आहेत."

वर्गात कुणी हसलं नाही. हे वाक्य प्रत्येकाने घरी कुठल्या ना कुठल्या शब्दांत ऐकलेलं होतं. मोर्वेना मात्र शाबासकीची वाट पाहत उभी होती.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. बस खाली."

हेडली ट्रेम्बाथ हा लव्हडेचा सख्खा भाऊ, तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. लव्हडे सहा वर्षांची असताना आई गेली, पंधरा वर्षांची असताना बाप. हेडलीने लग्न केलं नाही. बहिणीला त्याने बांगडे आणि तारल्या विकून शिकवलं, शहरात पाठवून मास्तरीण केलं, आणि ती परत आली त्या दिवशी चॅपेलच्या पायरीवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आमची लव्हडे आता पगारी आहे बरं का." पुढे तो गावाचा बंदरमास्तर झाला. वादळाच्या दिवसांत बंदराच्या तोंडात लाकडाचे जाडजूड ओंडके एकावर एक उतरवून तोंड बंद करायचं, हे त्याच्या कामांतलं सगळ्यांत जोखमीचं काम. ओंडके बसले की धक्क्यावरच्या डोलकाठीवर काळा गोळा चढवायचा. गोळा दिसला की बाहेरच्या बोटीने समजायचं, इथे आता आसरा नाही.

एकोणीसशे चौतीस सालच्या जानेवारीत, दुपारी, असं वादळ उठलं की समुद्र धक्क्यावरून उड्या घेऊ लागला. आत तेवीस बोटी एकमेकींवर आपटत होत्या. हेडलीने तोंड बंद केलं, गोळा चढवला. एकच बोट बाहेर राहिली होती, पेट्रॉक हॉस्किंगची. त्या बोटीवर तिघेजण होते. गोळा पाहून ती वळली, भूशिर ओलांडून मोठ्या बंदराकडे निघाली आणि पोहोचली नाही. दोघांची प्रेतं आठवड्याने लागली. पेट्रॉकचं लागलं नाही. एप्रिलमध्ये त्याचं आणि लव्हडेचं लग्न व्हायचं होतं.

चौकशी झाली. हेडलीने सांगितलं, बाहेर बोट आहे इतपत दिसलं, कुणाची ते पावसात ओळखू आलं नाही. ओळखली असती तरी फरक पडला नसता, असं चौकशीवाले म्हणाले. त्या लाटांत बंदराच्या तोंडातून कुठलीच बोट आत येऊ शकली नसती, आणि तोंड उघडं ठेवलं असतं तर आतल्या तेवीस बोटींचा चुराडा झाला असता. गावानेही तेच म्हटलं. लव्हडेलासुद्धा ते पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच तिचा जीव जास्त जळत होता. तिचं म्हणणं एकच होतं: त्याने बोट ओळखली होती. हेडलीची नजर अशी की क्षितिजावरचं पाखरू कुठल्या जातीचं ते तो सांगे. त्याला पेट्रॉकची बोट ओळखता येऊ नये?

तिने त्याला एकदा विचारलं. त्याने मान हलवली, नाही. ती त्याच संध्याकाळी आपली ट्रंक घेऊन टेकडीवरच्या शाळेच्या खोलीत राहायला गेली. तेव्हापासून अबोला. एवढंसं गाव, तरी दोघांची समोरासमोर गाठ पडू नये याची सवय गावालाच लागली होती. दुकानात लव्हडे असली की एस्थर दारातल्या हेडलीला नुसती मान हलवून सांगे, थोड्या वेळाने ये. चॅपेलमध्ये तो उजवीकडे, ती डावीकडे. मधल्या पंचवीस वर्षांत लव्हडे एकदाही धक्क्यावर उतरली नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर एस्थर टॉन्किन धापा टाकत टेकडी चढून आली. हातात मुरंब्याची बरणी.

"बाई, ह्या कार्टीच्या जिभेला हाड नाही बघा. घरात ऐकते आणि बाहेर ओकते. चांगली बदडलीय तिला."

"बदडलंस कशाला? तिचं वाक्य बरोबर होतं."

"बरोबर कसलं डोंबलाचं!"

"व्याकरणाने बरोबर होतं," लव्हडे म्हणाली. "आणि घरात काय ऐकते ती, एस्थर?"

एस्थरने बरणी टेबलावर ठेवली, पदरासारखा अ‍ॅप्रन हातात गोळा केला. "आता विचारताच आहात तर सांगते. लोक म्हणतात, म्हातारी होईपर्यंत दोघं अशीच बसणार, एक वर आणि एक खाली. म्हणतात, हेडलीचे डोळे चाललेत. मोतीबिंदू आहे की काय, तो डॉक्टरकडे जात नाही. परवा माझ्या नवऱ्याला त्याने दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारली, दहा हातांवरून. येत्या हिवाळ्याआधी बंदराला नवा माणूस नेमणार आहेत."

"हेडलीला माणूस ओळखता आला नाही?"

"नाही ना. तेच तर सांगतेय."

एस्थर गेल्यावर लव्हडेने मुरंब्याची बरणी कपाटात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या डोळ्यांवर तिने सगळा खटला उभा केला होता. ते डोळेच आता विझत होते. त्यांनी काय पाहिलं हे विचारायला उशीर करून चालणार नव्हतं.

शनिवारी सकाळी ती धक्क्यावर उतरली. मासे निवडणाऱ्या बायांनी हातातलं काम थांबवलं. एक जण दुसरीला कोपराने ढोसून म्हणाली, "अगं, बघ कोण ते!" दुसरीने तिला गप्प केलं. लव्हडे सरळ चालत टोकापर्यंत गेली. तिथे उन्हाळ्यासाठी काढून ठेवलेले ओंडके रचलेले होते आणि हेडली गुडघ्यांवर बसून त्यांना डांबर लावत होता. हाताने लाकूड चाचपायचं, मग ब्रश फिरवायचा. किती म्हातारा झाला होता! मानेवरची कातडी लोंबत होती.

सावली पडली तसं त्याने वर पाहिलं. "कोण आहे?"

"मी."

ब्रश तसाच हवेत राहिला. डांबराचा एक थेंब त्याच्या विजारीवर पडला.

"शाळा नाही आज?" शेवटी तो म्हणाला.

"शनिवार आहे."

"हो की. शनिवार." त्याने ब्रश डब्यात ठेवला. "बसतेस? ह्या बाजूचा ओंडका कोरडा आहे."

"उभी आहे ती बरी आहे. एकच विचारायचंय, हेडली. चौकशीत तू म्हणालास, बोट दिसली पण कुणाची ते कळलं नाही."

"म्हणालो होतो."

"खरं होतं ते?"

खाली पाणी धक्क्याच्या दगडांवर चापट्या मारत होतं. हेडलीने हात चिंधीला पुसले, एकेक बोट वेगळं करून पुसलं.

"नाही," तो म्हणाला. "तपकिरी शीड. उजव्या कोपऱ्यात फिकट ठिगळ. ते तूच शिवलं होतंस, स्वयंपाकघराच्या टेबलावर, दोन रात्री बसून. माझा जेवायला पाय पसरायला जागा नव्हती. मी नाही ओळखणार?"

लव्हडे ओंडक्यावर बसली.

"अकरावा ओंडका उतरत होता," तो पुढे सांगू लागला. तिच्याकडे न पाहता, समुद्राकडेही न पाहता, नुसता डब्याकडे पाहत. "खाली चौदा जण दोर धरून उभे. त्यांना पावसात काही दिसत नव्हतं. मला वरून दिसलं. मी तोंडातून शब्द काढला नाही. काढला असता तर त्यांनी दोर सोडले असते. पेट्रॉकसाठी कुणी सोडले नसते? आणि मग ओंडका सुटून त्यांच्यातलेच चार जण खाली गेले असते, नंतर आतल्या बोटी. मी म्हणालो, खेचा. त्यांनी खेचलं. मग मीच जाऊन गोळा चढवला. पेट्रॉक वळेपर्यंत बघत उभा राहिलो."

"मग मी विचारलं तेव्हा 'नाही' का म्हणालास?"

"तुझ्यासाठी." तो थांबला. "नाही, आता खोटं कशाला बोलू. माझ्यासाठी. होणाऱ्या मेव्हण्याला ओळखून त्याच्या तोंडावर दार लावलं, हे एकदा बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी ह्या धक्क्यावर मला उभं राहता आलं नसतं. आणि दुसरा कोण होता त्या वेळी ते काम करायला?"

"आणि पुन्हा तशीच वेळ आली तर?"

"बंद करीन," हेडली म्हणाला. लगेच म्हणाला, जणू हा प्रश्न त्याने स्वतःला रोज विचारला होता.

लव्हडेने त्याला बोलायची वाक्यं पंचवीस वर्षं घोकली होती. रोज सकाळी, अंडं उकडायला ठेवलं की ती त्याचा खटला चालवायची. त्याने कबूल केलं तर काय म्हणायचं, नाकारलं तर काय म्हणायचं, तो रडला तर कसं ताठ बसून राहायचं. त्यातलं एकही वाक्य आता आठवेना. तिने वेगळंच विचारलं.

"ठिगळ धरून होतं?"

"धरून होतं," तो म्हणाला. "बाकीचं शीड फाटत आलं होतं. पण तुझी शिवण धरून होती."

ती उठली. हेडलीही ओंडक्याचा आधार घेत उठला. "चहा ठेवू?"

"आज नको."

बायांच्या घोळक्यात आता एस्थरही येऊन उभी होती. लव्हडे जवळून जाताना तिला राहवलं नाही. "बाई, काय म्हणाला हो?"

"वारा पश्चिमेचा आहे म्हणाला," लव्हडे म्हणाली आणि टेकडी चढू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंडं उकडायला ठेवलं आणि सवयीने टेबलाशी बसली. खटला उभा राहीना. आरोपीने गुन्हा कबूल केला होता, तिचंच म्हणणं खरं ठरलं होतं. आता बोलायचं ते काय आणि कुणाशी? खोलीत पाण्याचे बुडबुडे तेवढे ऐकू येत होते. ती कित्येक वर्षं एकटी राहत होती, पण एकटेपण तिला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. आजवर त्या टेबलाशी हेडली रोज समोर असायचा, खाली मान घातलेला, तिच्या ताब्यातला. पेट्रॉकही त्याच्याच मागे उभा असायचा. एकाला सोडलं तर दुसराही उठून गेला. तिने पेट्रॉकचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. नुसतं शीड दिसलं, आणि तेही हेडलीने सांगितलेलं. अंडं दगडासारखं झालं. ते तिने तसंच खाल्लं.

त्या महिन्यात तिने शहरातून रेडिओ मागवला. बातम्या, हवामान, शेतीविषयक भाषणं, लागेल ते ऐके. शब्दांचा तास तिने बंद केला नाही, पण मोर्वेना आता दुसरं वाक्य करताना आधी इकडेतिकडे पाही, आणि ते पाहून बाईंना वाईट वाटे. एकदा त्यांनी तिला थांबवून सांगितलं, "घाबरायचं नाही. आपल्या गावातली गोष्ट घेतली तरी चालेल." मोर्वेना म्हणाली, "आई म्हणते, शेजारच्या गावातली घे."

सप्टेंबरात चॅपेल सुटल्यावर हेडली पायरी चुकून पडता पडता राहिला. लव्हडे मागेच होती. तिने त्याचा दंड धरला आणि त्याला धक्क्यावरच्या घरापर्यंत पोहोचवलं. बापाचं घर होतं ते, तिचंही. आत गेल्यावर तिला दिसलं की भिंतीवरचं घड्याळ बंद आहे आणि स्वयंपाकघराच्या फडताळात कप एकच आहे. हेडलीने तो विसळून तिच्यापुढे चहा ठेवला आणि स्वतः दाढीच्या मगमध्ये ओतून घेतला. साबणाचा वास येत असणार त्याला.

त्यानंतर शनिवारी दुपारी जाण्याचा परिपाठ पडला. ती त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवी. पाव तासात बोलायचं संपे. तिला काय आवडतं, ती कुठली पुस्तकं वाचते, तिची कंबर अधूनमधून का धरते, त्याला काही ठाऊक नव्हतं. आणि तो दर बुधवारी बस पकडून कुठे जातो, हे तिला दोन महिन्यांनी कळलं. शेजारच्या गावात एक विधवा होती, तिच्याबरोबर तो पत्ते खेळायचा. गेली अकरा वर्षं.

"लग्न का नाही केलंस तिच्याशी?"

"विचारलं होतं. म्हणाली, आधी बहिणीशी बोल."

लव्हडेने वर्तमानपत्राचं पान उलटलं. "मग आता?"

"आता ती सत्तरीला आली. म्हणते, पत्ते पुरेत."

नोव्हेंबरात ओंडके उतरवायला गावातले लोक जमले. नवा बंदरमास्तर आला होता, दुसऱ्या गावचा, उमदा माणूस. हेडली धक्क्यावर बाजूला उभा राहून आवाजावरून सांगत होता, "डावा दोर ढिला आहे. आता सोडा. हळू." लव्हडेने शाळेच्या खिडकीतून ते पाहिलं. मुलं गणितं करत होती. शेवटचा ओंडका बसल्यावर लोक पांगले, तरी हेडली तिथेच उभा होता, डोलकाठीवर गोळा चढला की नाही ते न दिसून मान वर करून पाहत. खाली जाऊन त्याला सांगावं असं तिला वाटलं. तास संपायला अजून वीस मिनिटं होती. तोवर तो निघून गेला.

नाताळच्या आदल्या शनिवारी तिने आईच्या पद्धतीने केशराचा गोड पाव भाजून नेला. हेडलीने एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चघळला.

"केशर फार झालंय. आई इतकं घालत नसे."

"आई ह्याहून जास्त घालायची."

"तू सहा वर्षांची होतीस ती गेली तेव्हा. तुला काय आठवतंय?"

"आणि तुला चव कुठे कळते? दाढीच्या मगमध्ये चहा पिणारा माणूस तू!"

"मग नको आणत जाऊस!"

"नाहीच आणणार!"

तिने स्कार्फ गुंडाळला, दार जोरात ओढून बाहेर पडली आणि तरातरा टेकडी चढू लागली. रस्त्यात भेटलेल्या एस्थरला नुसतं "शुभ नाताळ" म्हणाली, थांबली नाही. मनातल्या मनात ती त्याला सुनावत होती, केशराबद्दल, मगाबद्दल, बुधवारच्या बसबद्दल. शाळेच्या फाटकाशी येईतो सुनावण्यासारखं सगळं सुनावून झालं होतं. ती दम घ्यायला थांबली. राग शोधून पाहिला, सापडेना. खाली हेडलीच्या धुराड्यातून धूर निघत होता आणि वाऱ्याने लगेच मोडत होता.

खोलीत शिरून तिने स्टोव्ह पेटवला, रेडिओ लावला. कुणीतरी मेंढ्यांच्या आजारांबद्दल बोलत होतं. ते संपेपर्यंत ती स्कार्फ न काढताच बसून राहिली, आणि मग कागद घेऊन पुढच्या शनिवारी खाली न्यायच्या वस्तूंची यादी करू लागली.